फिटची चिठ्ठी

सोमवार, १० नोव्हेंबर. सकाळचे अकरा चाळीस. सह्यतीर्थ शिक्षण संस्थेच्या आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा सहायक सुनीलने नोंदवहीत सात मुलींची नावं एकाखाली एक लिहिली. पहिल्या नावासमोर त्याने 'पॉझिटिव्ह' असा पूर्ण शब्द लिहिला. खालच्या सहा ओळींत 'वरीलप्रमाणे'ची खूण केली.

चाचणी गरोदरपणाची होती. मुली संस्थेच्याच महाविद्यालयात शिकणाऱ्या, संस्थेच्याच वसतिगृहात राहणाऱ्या. दिवाळीची सुट्टी संपवून त्या त्याच सकाळी परतल्या होत्या. पिशव्या वसतिगृहाच्या कार्यालयाबाहेर ठेवून थेट केंद्रात आल्या होत्या, कारण चिठ्ठी दाखवल्याशिवाय खोलीची किल्ली मिळत नाही.

महाविद्यालय चौक-कर्जत रस्त्याला लागून आहे. वसतिगृह आणि आरोग्य केंद्रही त्याच कुंपणात. डॉक्टर सोमवारी आणि गुरुवारी दहा ते एक बसतात. आठ दिवसांपेक्षा मोठ्या सुट्टीवरून आलेल्या मुलीने वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला द्यावा, असा वसतिगृहाचा नियम. मुली त्याला फिटची चिठ्ठी म्हणतात. कर्जत-खोपोलीकडच्या मुली घरच्या डॉक्टरांकडून पाकिटात घालून चिठ्ठी आणतात. त्यात काय तपासलंय हे कुणी वाचत नाही. वाड्यांवरून येणाऱ्या मुलींना घरचा डॉक्टर नसतो. त्यांनी आरोग्य केंद्रात जायचं आणि चिठ्ठी मागण्याआधी लघवीची बाटली द्यायची. या चाचणीचा उल्लेख वसतिगृहाच्या माहितीपत्रकात कुठेही नाही. विद्यार्थिनींच्या आरोग्याकडे वैयक्तिक लक्ष पुरवलं जातं, एवढं मात्र तिथे छापलेलं आहे.

यादीतलं पहिलं नाव तेजश्रीचं. वय एकोणीस, बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, घर कळंबच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या वाडीत. गुरुवारपासून तिची परीक्षा होती. वाडीतून रोज येऊनजाऊन शिकणं शक्य नाही. पहिली गाडी पकडली तरी पहिले दोन तास बुडतात. वसतिगृहातली जागा गेली म्हणजे महाविद्यालय गेलं. तिच्या आधी त्याच वाडीतल्या दोघी अशाच घरी बसल्या होत्या.

दीड वर्षात तेजश्री आरोग्य केंद्रात पाच वेळा आली होती. त्यातल्या चार वेळा चिठ्ठीसाठी. एकदा, ऑगस्टमध्ये, ती ताप घेऊन आली तेव्हा मंगळवार होता. गुरुवारी या, असं सांगितलं गेलं. गुरुवारपर्यंत ताप मैत्रिणींनी ओल्या फडक्याने उतरवला होता. त्यामुळे केंद्राच्या कागदांत तिला कधी ताप आलेलाच नाही.

केंद्रात शौचालय एकच आहे. त्याच्या दाराला कडी नव्हती आणि दार उघडतं ते थेट बाकड्यासमोर. त्या बाकड्यावर क्रीडा स्पर्धेच्या दाखल्यासाठी आलेली मुलं बसतात. हातात बाटली घेऊन त्यांच्यासमोरून जायचं आणि भरलेली बाटली घेऊन त्यांच्यासमोरूनच परत यायचं. पहिल्या खेपेला एक मुलगा म्हणाला होता, "काय गं, सरबत का?" त्यानंतर तेजश्रीने एक युक्ती काढली. एकीने आत जायचं. दोघींनी बाहेरून दार धरायचं. आत गेलेलीने सगळ्यांच्या बाटल्या भरायच्या आणि ओढणीखाली घेऊन यायच्या. जिने जास्त पाणी प्यायलंय तिने जायचं. तीन सुट्ट्या हे असंच चाललं. तिन्ही वेळा सगळ्या निगेटिव्ह आल्या, सगळ्या फिट ठरल्या. सगळ्या बाटल्यांचा रंग एकसारखा कसा, हे सुनीलने कधी विचारलं नाही.

या सोमवारी मंगळी म्हणाली, "मी जाते. गाडीत दोन बाटल्या पानी पेलंय."

मंगळी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, वीस वर्षांची, कोंडाण्याकडच्या वाडीतली. तेजश्री आणि ऋतिका यांनी दार धरलं. नावाच्या पट्ट्या ऋतिकाने चिकटवल्या.

निकाल डॉक्टर जगदीश शिंगटे यांनी सांगितला. ते खाली मान घालून सही करत होते.

"पालकांना कळवावं लागेल. ललिता मॅडमना भेटा."

"कशासाठी, सर?" तेजश्रीने विचारलं.

"पॉझिटिव्ह आहे."

"कुणाचं?"

"सगळ्यांचं."

"सर, सातही जणींचं?"

"स्ट्रिप चुकत नाही."

"पण तुम्ही आम्हाला तपासलं नाहीये."

"आता तपासायचं काय राहिलंय?" डॉक्टर म्हणाले आणि पेनाचं टोपण लावलं.

त्यांच्या मागच्या कपाटात लोहाच्या आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांची खोकी होती. केंद्राच्या स्वतःच्या नोंदवहीनुसार समोर सात गरोदर मुली उभ्या होत्या. त्यांपैकी एकीलाही कितवा महिना, उलट्या होतात का, चक्कर येते का, काहीही विचारलं गेलं नाही. एकीलाही गोळी दिली गेली नाही.

सुनील दारात उभा होता. जाताना तेजश्रीने त्याला विचारलं, "सुनीलदादा, तुम्हाला तरी काही वाटलं नाही?"

"मी स्ट्रिपा बघतो बाई," तो म्हणाला. "त्याच्यापुढचं माझं काम नाही."

ऋतिकाच्या हातात सातही जणींचे भरलेले फॉर्म देऊन ते वसतिगृहाच्या कार्यालयात पोचवायला सांगितलं. ऋतिका बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला, खालापूरकडची, आणि कुठलाही कागद हातात आला की मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवायची तिला सवय. तिने जाता जाता सातही फॉर्मचे फोटो काढले, फॉर्म कार्यालयात दिले आणि परत आली.

केंद्राच्या पायरीवर सात जणी बसल्या. आधी ऋतिका हसायला लागली.

"सात गं सात. अजून चार जमवा, टीम होईल."

कुणी हसलं नाही, तेव्हा तीही थांबली. मग तिने हळू आवाजात विचारलं, "तेजे, बाटल्या कोनी भरल्या?"

सगळ्यांनी मंगळीकडे बघितलं. मंगळी बोटांवर काहीतरी मोजत होती.

"गनपतीला घरी गेलेले," ती म्हणाली. "त्याच्यानंतर नाय आली."

"आनि तुला कळलं नाय?"

"माझी कदी येळेवर येते? मेसच्या जेवनावर तुझी तरी येते का?"

मंगळी जिथे राहते तिथे मुलगा-मुलगी दोन्ही घरांच्या पसंतीने एकत्र राहू लागतात आणि लग्नाचा मांडव सवडीने पडतो. सुट्टीत ती ठरलेल्या नवऱ्याच्या, दशरथच्या घरी राहायची. लग्न वैशाखात ठरलं होतं. वाडीत हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. वसतिगृहाच्या अर्जात 'अविवाहित' या शब्दापुढे तिने खूण केली होती. ती खूणही खरीच होती.

"मंग सांगून टाकू," ऋतिका म्हणाली. "बाटल्या एकीनंच भरल्या, परत टेस्ट करा. सहा जनी सुटतो."

"आनि सातवी?" तेजश्रीने विचारलं.

"सातवीला नवरा हाय."

"नवऱ्याला काय करू?" मंगळी म्हणाली. "त्याला बी.ए. शिकवता येत नाय."

युक्ती तेजश्रीची होती, त्यामुळे ऋतिकाला गप्प बस म्हणणं तिला जमेना. ती एवढंच म्हणाली, "आधी मॅडम काय म्हनतात ते बघू. तवर कोनी तोंड उघडू नका."

गृहपाल ललिता मॅडम वसतिगृहात अकरा वर्षं आहेत. मुली त्यांच्या दारात पोचल्या तेव्हा त्या सातव्या घरी फोन लावत होत्या.

"मॅडम, सगळ्याच्या सगळ्या जणी एकदम," तेजश्री म्हणाली. "तुम्हाला हे विचित्र नाही वाटत?"

"मला वाटून काय उपयोग? रिपोर्ट आहे. उद्या मला विचारलं, की ललिताबाई तुम्ही झोपला होतात का, तर मी काय सांगू?"

"रिपोर्ट चुकलाय, असं सांगा."

"मी डॉक्टर आहे का? उद्या पालकांना घेऊन या. तोवर खालच्या पाहुण्यांच्या खोलीत झोपायचं. वर जायचं नाही. मेसमध्ये सगळ्यांचं झाल्यावर यायचं."

"का?"

"बाकीच्या मुली लहान आहेत."

"बाकीच्या मुली माझ्याच वर्गात आहेत, मॅडम."

ललिता मॅडमनी फोन कानाला लावला. परत तपासा, हे शब्द तेजश्रीच्या ओठांवर होते. ते तिने गिळले. परत तपासलं असतं तर सहा नावं यादीतून गेली असती आणि एक उरलं असतं.

मंगळवारी चार घरची माणसं आली. तेजश्रीचा बाप लडकू कळंबच्या एका रिसॉर्टवर पोहण्याचा तलाव साफ करतो. रिसॉर्टची भाजी आणणाऱ्या टेंपोतून तो आला. अंगात कामावरचा निळा शर्ट होता, छातीवर रिसॉर्टचं नाव.

"तुमच्या मुलीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे," ललिता मॅडम म्हणाल्या.

"आनि बाकीच्यांचा?"

"त्यांचाही."

"सातींचा?"

"हो."

लडकूने जरा विचार केला. "बाई, आमच्याकडं शेळ्या हायेत. बोकड एकच हाय. तरी त्या अशा एका दिवशी नाय ऱ्हात."

मागे कुणीतरी हसलं. ललिता मॅडमचा चेहरा लाल झाला.

"इथे मस्करी करू नका."

"मस्करी मी नाय केली," लडकू म्हणाला. "पोर ऑगस्टात तापानं फनफनली, तवा तुमचा फोन नाय आला. आमाला आठ दिवसांनी कळलं. काल मातर तासाभरात फोन. तापाचा फोन कराया तुमच्याकडं नंबर नव्हता का?"

 मॅडमनी टेबलावरून एक छापील कागद पुढे सरकवला. सात कागद तयार होते, त्यांत नावं भरलेली होती. लडकूने तो तेजश्रीकडे दिला. "मोठ्यानं वाच."

तेजश्रीने वाचलं. "माझी मुलगी आरोग्याच्या कारणास्तव स्वेच्छेने वसतिगृह सोडत आहे. याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही."

"हे कोनी लिवलं?"

"ही पद्धत आहे," मॅडम म्हणाल्या. "असं केलं तर नाव कुठे येत नाही. तुमच्याच भल्याचं आहे."

"मी सही शिकलोय बाई," लडकू म्हणाला. "पन हिच्यावर नाय करनार."

बाहेर आल्यावर टेंपोजवळ त्याने तेजश्रीला विचारलं, "खरं काय ते सांग."

"मी नाय, बाबा."

"मंग कोन?"

"ते नाय सांगनार."

लडकूने तिच्याकडे बघितलं. टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. "पेपर कदी?"

"परवा."

"मंग अब्यास कर," तो म्हणाला आणि भाजीच्या रिकाम्या क्रेटांमध्ये जाऊन बसला.

सात जणींतल्या सुप्रियाच्या घरून तिचा भाऊ आला होता. त्याने कागद वाचला नाही. सही केली, बहिणीची पिशवी उचलली आणि तिला मोटारसायकलवर मागे बसवलं. सुप्रिया एकदाही वळून न बघता गेली. ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. आपण बाटली भरलेली नाही, हे तिने भावाला सांगितलं होतं. भावाने विचारलं होतं, मग तुझ्या नावाची बाटली कुठून आली?

त्या संध्याकाळी पाहुण्यांच्या खोलीत ऋतिका तेजश्रीकडे पाठ करून बसली. मग एकदम म्हणाली, "सुप्री गेली. तिचं काय चुकलं होतं? तू तोंड उघडू नका म्हनालीस, आनि ती गेली."

तेजश्री म्हणाली, "ठाव हाय मला."

"मंग?"

"मंग काय. ठाव हाय."

बुधवारी सकाळी नळावर पाणी भरताना मंगळीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती खाली बसली. बादली कलंडली. तेजश्रीने तिला उठवलं. आरोग्य केंद्र शंभर पावलांवर होतं, पण तो डॉक्टरांचा वार नव्हता. वार असता तरी त्या तिथे गेल्या नसत्या. रस्त्यावर येऊन त्यांनी शेअरची मिनीडोर रिक्षा पकडली आणि पुढच्या गावातल्या सरकारी उपकेंद्रात गेल्या.

उपकेंद्रात एक सिस्टर होत्या आणि लसीकरणासाठी आलेल्या चार बायका. सिस्टरनी मंगळीला वजनकाट्यावर उभं केलं, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला, डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, बोटाला सुई टोचून थेंब यंत्रावर घेतला. मग विचारलं, "शेवटची पाळी कधी?" मंगळीने सांगितलं. सिस्टरनी लघवीची चाचणीही केली. त्यासाठी आतल्या बाजूला शौचालय होतं आणि त्याला कडी होती.

वजन अडतीस. हिमोग्लोबिन सहा पूर्णांक आठ.

"तू चालत आलीस?" सिस्टरनी विचारलं. "एवढ्या रक्तावर तू चालतेस कशी? याआधी कुणी तपासलं नाही?"

"परवाच तपासलं," मंगळी म्हणाली. "फिटचं."

तेजश्रीने मोबाइलवर ऋतिकाने पाठवलेला मंगळीच्या फॉर्मचा फोटो दाखवला. त्यावर डॉक्टर शिंगटे यांची सही होती. वजन ४५. रक्तदाब ११०/७०. हिमोग्लोबिन ११.२. शेवटच्या चौकटीत लाल पेनाने पॉझिटिव्ह. सिस्टरनी पुढचा फोटो सरकवला, मग त्याच्या पुढचा. सातही फॉर्मवर वजन ४५, रक्तदाब ११०/७०, हिमोग्लोबिन ११.२.

"सगळ्या पंचेचाळीसच्या?"

"ऋतिका साठची हाय," मंगळी म्हणाली.

सिस्टर हसल्या नाहीत. "सुई टोचली होती का कुणी?"

"नाय. बाटली घेतली फक्त."

"आणि ही बाटली कुठल्या नियमाने घेतात? कागद आहे का तसा?"

"आम्ही कधी विचारलं नाही," तेजश्री म्हणाली.

"विचारा," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी मंगळीच्या नावाचं गरोदरपणाचं कार्ड भरलं, त्यावर हिमोग्लोबिनचा आकडा लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. "उद्याच्या उद्या तालुक्याच्या रुग्णालयात जायचं. रक्त चढवावं लागेल. सोनोग्राफीही करून घ्यायची."

"उद्या पेपर हाय."

"किती वाजता सुटतो?"

"दीडला."

"मग दोनला गाडीत बसायचं. मी फोन करून ठेवते. पेपर लिहिताना गरगरलं तर मान खाली घालून बसायचं, शहाणपणा करायचा नाही."

परत येताना मिनीडोरमध्ये तेजश्री मनात हिशेब करत होती. सहा पूर्णांक आठचं कार्ड आणि अकरा पूर्णांक दोनचा फॉर्म एकमेकांशेजारी ठेवले तर संस्थेला उत्तर देता येणार नव्हतं. जो दाखला हिमोग्लोबिन न तपासता लिहिला गेला, त्या दाखल्यावर सात मुलींना बाहेर काढता येणार नव्हतं. सुप्रियाला परत आणता आलं असतं. तेजश्रीची स्वतःची जागा वाचली असती. हे सगळं मंगळीच्या पिशवीतल्या त्या गुलाबी कार्डावर होतं आणि त्या कार्डावर वरच्याच ओळीत मंगळीचं नाव होतं.

संध्याकाळी तिने अर्ज लिहायला घेतला. पाहुण्यांच्या खोलीत सहा जणी होत्या.

"कार्डाची झेरॉक्स लावू," ती म्हणाली.

मंगळीने मान हलवली. "कार्ड माझं हाय."

"मंगळे, ते लावलं तर शिंगटे बोलू शकनार नाय. सुप्री परत येईल."

"आनि मी?"

"तुला काढता नाय येनार. तसा नियम कुठं हाय? सिस्टर तेच इचारत होत्या ना."

"नियम नव्हता तरी सातींना काढलंच ना?"

ऋतिका मध्ये पडली. "सुप्री घरी बसली आनि ही कार्ड लपवते."

"मी लपवत नाय," मंगळी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "सोमवारी तुमच्या सगळ्यांसाठी बाटल्या भरल्या. मला कोनी जबरदस्ती नाय केली, मीच गेले. आता पोट बी सगळ्यांसाठी दाखवू का?"

 वर पहिल्या मजल्यावर मुली मोठ्याने पाठ करत होत्या, ते खाली ऐकू येत होतं.

तेजश्रीने कार्डाशिवाय अर्ज पूर्ण केला. बाटल्या एकीनेच भरल्या, हे तिने त्यात लिहिलं. शौचालयाला कडी नाही म्हणून भरल्या, ही युक्ती माझी होती आणि तीन सुट्ट्या ती चालू आहे, हेही लिहिलं. कुणी भरल्या हे सांगणार नाही, असं लिहिलं. मग तिने मागणी केली, की ही चाचणी कुठल्या नियमाने घेतली जाते तो नियम लेखी मिळावा, सातही जणींचं वजन आणि हिमोग्लोबिन एकच कसं हे डॉक्टरांनी सांगावं, आणि सुप्रियाला या निकालावर घरी पाठवलेलं असल्यामुळे तिला परत बोलवावं. खाली पहिली सही तिने केली. ऋतिकाने दुसरी केली. मंगळीने तिसरी केली. उरलेल्या तिघींनी नंतर.

गुरुवारी दीडला पेपर सुटला. दशरथ फाटकाबाहेर उभा होता. मंगळी त्याच्याबरोबर रुग्णालयात गेली. तेजश्री संस्थेच्या कार्यालयात गेली. कारकुनाने अर्ज वाचला आणि परत तिच्याकडे सरकवला.

"साहेब जेवायला गेलेत."

"तुम्ही पोच द्या. ते आल्यावर वाचतील."

"असल्या अर्जाला पोच नसते."

"मग मी थांबते," तेजश्री म्हणाली आणि थांबली. अडीच वाजता सचिव आले. त्यांनी उभ्याउभ्याच अर्ज वाचला.

"म्हणजे तुम्ही संस्थेची फसवणूक केली. स्वतःच्या हाताने लिहून दिलंय."

"हो," तेजश्री म्हणाली. "बाटलीची आम्ही केली. बाकीच्या सगळ्या रकान्यांची डॉक्टरांनी केली."

"आवाज खाली."

"माझा आवाज खालीच आहे, सर. फोटो दाखवू का?"

सचिवांनी फोटो बघितले नाहीत. अर्जावर शिक्का मारायला मात्र त्यांनी कारकुनाला सांगितलं. तेजश्रीने शिक्का असलेली प्रत दुमडून दप्तरात ठेवली.  

मंगळीला रुग्णालयात दाखल करून घेतलं. एक पिशवी रक्त चढवलं. सोनोग्राफीत बारा आठवडे निघाले.

शुक्रवारी पाच वाजता वसतिगृहाच्या फळ्यावर सूचना लागली. सहा मुलींची फेरचाचणी सोमवार, १७ नोव्हेंबर रोजी सकाळी साडेदहाला होईल. प्रत्येकीचा नमुना महिला कर्मचाऱ्याच्या समक्ष घेतला जाईल. गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थिनीची वसतिगृहातली जागा रद्द समजण्यात येईल. खाली सचिवांची सही. नियमाचा उल्लेख नव्हता. सुप्रियाचा उल्लेख नव्हता. एकसारख्या वजनाबद्दल अवाक्षर नव्हतं.

शेजारीच परीक्षेचं वेळापत्रक लावलेलं होतं. दुसरा पेपर: सोमवार, १७ नोव्हेंबर, सकाळी साडेदहा. खाली त्याच सचिवांची सही.

शनिवारी आरोग्य केंद्राच्या शौचालयाला नवी कडी बसवण्यात आली.

तेजश्री शनिवारी दुपारी ललिता मॅडमकडे गेली आणि वेळ बदलून मागितली. मॅडमनी सूचना वाचली, मग वेळापत्रक वाचलं.

"हे माझ्या हातात नाही."

"मग कुणाच्या हातात आहे?"

"समितीच्या."

"समितीत कोण आहे?"

"सचिव, डॉक्टर शिंगटे," मॅडम म्हणाल्या आणि क्षणभर थांबल्या. "आणि मी."

"मग तुमच्या हातात आहे, मॅडम."

ललिता मॅडमनी टेबलावरचे कागद उगाचच सारखे केले. 

मंगळी रविवारी संध्याकाळी परत आली. हाताला सुईच्या जागी पट्टी होती. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. ती पाहुण्यांच्या खोलीत आडवी पडून इतिहासाची वही वाचत होती. ऋतिकाने तिच्यासाठी मेसमधून ताट आणलं आणि शेजारी ठेवलं. थोड्या वेळाने विचारलं, "रक्त कोनाचं चढवलं गं?"

"माझ्याच गटाचं."

"म्हंजे कोनाचं ते नाय सांगितलं?"

"नाय."

"बघ. तिकडं बरं नाव सांगत नायत," ऋतिका म्हणाली. मंगळी त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली.

सोमवार, १७ नोव्हेंबर. साडेदहाला पेपर सुरू झाला. सहाही मुली परीक्षेच्या खोल्यांमध्ये होत्या. आरोग्य केंद्र उघडं होतं. सुनीलने टेबलावर सहा बाटल्या मांडल्या होत्या आणि दारात एक महिला कर्मचारी खुर्ची घेऊन बसली होती.

दहा पन्नासला शिपाई चिठ्ठी घेऊन तेजश्रीच्या खोलीत आला. पर्यवेक्षकांनी ती वाचली, तेजश्रीकडे बघितलं आणि चिठ्ठी हजेरीच्या कागदाखाली ठेवली. शिपाई घुटमळला. "पेपर झाल्यावर," पर्यवेक्षक म्हणाले. शिपाई पुढच्या खोलीकडे गेला. तिथे काय झालं ते तेजश्रीला दीडनंतर कळलं. तिथल्या पर्यवेक्षकांनी मंगळी आणि ऋतिकाला उभं केलं होतं, जायचंय का असं विचारलं होतं. दोघीही नाही म्हणाल्या आणि खाली बसल्या.

आरोग्य केंद्र एक वाजता बंद झालं. पेपर दीडला सुटला.

दुपारी तीन वाजता समितीची बैठक सचिवांच्या खोलीत सुरू झाली. ललिता मॅडम आत गेल्या, तेव्हा त्यांच्या हातात सातही फॉर्म होते. बैठक पावणेसहाला संपली. काय ठरलं, ते कुणी सांगितलं नाही. संध्याकाळी सातपर्यंत फळ्यावर नवी सूचना नव्हती. सहा जणी अजून खालच्याच खोलीत आहेत. सुप्रियाचा फोन बंद लागतो. तिसरा पेपर गुरुवारी आहे.